परदेशी कंपनी, दिल्लीचा नियम आणि चांदवडचा बाजार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा दंडक होता म्हणे की विषय सोपा करावा, पण पातळ करू नये. संयोजकांनी हे मला आमंत्रणाच्या फोनवरच ऐकवलं. मी वकील माणूस, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अडचण आहे. तरी प्रयत्न करतो.

विषय असा: कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे आपण सरसकट ज्याला ‘एआय’ म्हणतो त्याला, देश नियम कसे लावतो आणि त्या नियमांचं परदेशी कंपन्यांवर काय होतं. परदेशी कंपन्यांचं आम्हाला काय देणंघेणं, असं निम्म्या मांडवाच्या मनात आलं असेल. त्याला माझं उत्तर एवढंच, की तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जो एआय बोलतो तो बहुधा परदेशी कंपनीचाच असतो. आणि पुण्यातली किंवा नाशिकच्या अंबडमधली एखादी कंपनी जर्मनीला सॉफ्टवेअर विकते, तेव्हा तिथल्या कायद्याच्या नजरेत परदेशी कंपनी आपणच असतो.

हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. परक्या व्यापाऱ्याची इथे जुनी सवय आहे. होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया नाशिक-नगर भागात चालायचा. तेव्हा टांकसाळ बदलली की नाणं बदलायचं. दुसऱ्या मुलखातला रुपया आला की सराफ तो वाजवून बघायचा, कसाला लावायचा आणि बट्टा कापून घ्यायचा. व्यापारी बट्ट्यावर फारसा रागवत नसावा. बट्टा किती ते निघण्याआधी माहीत असेल तर तो मालाच्या किमतीत धरता येतो. मुक्कामाला पोचल्यावर दर फिरला, तर मात्र बैलगाड्यांसकट फजिती. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया आणला आणि सराफांचा हा धंदा हळूहळू बसला. एआयच्या बाबतीत जग अजून १८३५ च्या अलीकडेच आहे. ब्रुसेल्सचं नाणं वेगळं, बीजिंगचं वेगळं, वॉशिंग्टनचं निवडणुकीनुसार बदलणारं, आणि दिल्लीचं अजून साच्यातून पुरतं बाहेर यायचंय. सराफांच्या जागी आता आमच्यासारखे वकील बसलेत. ते बट्टा तासाच्या हिशेबानं लावतात.

आता दिल्लीकडे वळू. भारतात एआयचा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ मध्ये नीती आयोगानं राष्ट्रीय धोरणाचा मसुदा काढला, पण तो चर्चेसाठी होता. खरा दस्तऐवज आला तो ५ नोव्हेंबर २०२५ रोजी. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक बलरामन रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तयार केलेली एआय कारभाराची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानं त्या दिवशी प्रसिद्ध केली. त्यात सात सूत्रं आहेत. ती मुळात रिझर्व्ह बँकेच्या एका समितीची, ऑगस्ट २०२५ ची. तिचे अध्यक्ष आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य होते. ज्यांच्या देखरेखीखाली मराठी शब्दांचं संगणकीय जाळं, मराठी वर्डनेट, उभं राहिलं तेच हे. विश्वास, माणूस आधी, न्याय्यता, जबाबदारी, सहज समजेल अशी रचना, सुरक्षितता ही सूत्रं तुम्ही न वाचताही ओळखाल. उरलेलं सूत्र मात्र नीट ऐका: बाकी सगळं सारखं असेल तिथे लगाम घालण्यापेक्षा नव्या कामाला वाव द्यायचा.

त्या दस्तऐवजाचा सारांश असा, की सध्या नवा कायदा नको, आहेत ते कायदे बऱ्याच अंशी पुरेसे आहेत. बँकांचं रिझर्व्ह बँक बघेल, शेअरबाजाराचं सेबी बघेल, वर एक आंतरमंत्रालयीन गट राहील, त्याच्या मदतीला तज्ज्ञांची समिती आणि एआय सुरक्षेची संस्था. परवाना काढा, नोंदणी करा, असं काही नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीनं हे वाचलं तर तिला हायसं वाटेल.

मला अर्धंच हायसं वाटतं. मार्गदर्शक तत्त्वं पाळली नाहीत तर दंड नाही, हे खरं. पण पाळली तर संरक्षण आहे का? तेही नाही. उद्या एखाद्या खात्यानं वेगळंच फर्मान काढलं, तर ही सात सूत्रं घेऊन न्यायालयात उभं राहता येत नाही. हा धाक मी कल्पनेनं दाखवत नाही, कारण ही तत्त्वं येण्याआधी असं फर्मान एकदा निघालेलं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनीनं पंतप्रधानांबद्दलच्या एका प्रश्नाला दिलेलं उत्तर समाजमाध्यमांवर फिरलं. त्यावरून माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या तेव्हाच्या राज्यमंत्र्यांनी आयटी नियमांचा भंग झाल्याचं जाहीरपणे म्हटलं. नंतर १ मार्चला मंत्रालयाची ॲडव्हायजरी निघाली. तीत एक वाक्य असं होतं, की पुरेशी तपासणी न झालेलं किंवा भरवशाचं नसलेलं एआय मॉडेल भारतातल्या वापरकर्त्यांपुढे ठेवायचं, तर भारत सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. आणि काय केलंत त्याचा अहवाल १५ दिवसांत द्या. आता गंमत बघा. परवानगी कोणाकडे मागायची? त्याचा नमुना अर्ज नाही. किती दिवसांत मिळणार? मुदत नाही. नाकारली तर अपील कुठे? तेही नाही. भरवशाचं नाही म्हणजे किती टक्के चुकणारं? प्रत्येक मॉडेल थोडंफार चुकतंच. संसदेच्या कुठल्या कायद्यानं हा अधिकार दिला, यावर माझ्या व्यवसायबंधूंनी पानंच्या पानं लिहिली. दोन-तीन दिवसांत राज्यमंत्र्यांनी खुलासा केला, की हे मोठ्या प्लॅटफॉर्मना आहे, स्टार्टअपना नाही. पण पत्रात तसं कुठं होतं? १५ मार्चला दुसरी ॲडव्हायजरी आली, तिनं पहिलीची जागा घेतली, आणि परवानगीची अट गेली. सगळा खेळ पंधरवड्यात आटोपला.

नुकसान काय झालं? कागदावर शून्य. एकाही कंपनीला दंड झाला नाही. पण परदेशी कंपनीत भारताच्या बाजारात काय आणायचं हे ठरवणारी माणसं असतात आणि त्यांच्या टेबलावर प्रत्येक देशाची एक फाइल असते. भारताच्या फाइलमध्ये तो पंधरवडा कायमचा लागला. त्यानंतरच्या प्रत्येक चर्चेत ‘पुन्हा तसं झालं तर?’ हा प्रश्न येतो आणि त्याची किंमत लावली जाते. मघाचा बट्टा तो हाच.

चांदवडकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. ७ डिसेंबर २०२३ ला परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद झाली. त्याआधी त्याच वर्षी १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क बसलं होतं, आणि ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. डिसेंबरात बाजारात लाल कांदा असतो. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. आज नाही विकला तर परवा सडतो. ११ डिसेंबरला याच गावात, याच महामार्गावर रास्ता रोको झाला आणि शरद पवार त्यात उतरले होते. बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क लावून. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर दुबईच्या आणि कोलंबोच्या आडत्यांनी दुसरे पुरवठादार शोधले होते. दर पडला याचं दुःख शेतकऱ्याला सवयीचं आहे. पण कालपर्यंत कायदेशीर असलेला धंदा आज सकाळी गुन्हा होतो, हे त्याला पटत नाही, आणि पटू नये.

याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये, कांद्यावर शुल्क बसण्याच्या सोळा दिवस आधी, त्याच महासंचालनालयानं लॅपटॉप, टॅबलेट आणि सर्व्हर यांच्या आयातीला परवाना लावला. तोही तत्काळ लागू. दुसऱ्याच दिवशी तो ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलला आणि शेवटी त्याची नुसती ऑनलाइन नोंदणी झाली. कांद्याचं खातं आणि कंप्युटरचं खातं एकच. हात एकच, सवय एकच.

एवढ्यावरून कोणी समजेल की मी परदेशी कंपन्यांची वकिली करतोय. तसं नाही. भारतानं कडक नियम लावूच नयेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला सांगितलं, की भारतातल्या पेमेंटची सगळी माहिती भारतातच साठवा, सहा महिन्यांची मुदत. अमेरिकी कंपन्यांनी आरडाओरडा केला, वॉशिंग्टनमधून दबाव आला, बँक हलली नाही. मुदत संपून अडीच-तीन वर्षं गेली तरी पूर्तता झाली नाही, तेव्हा जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. मास्टरकार्डनं माहिती भारतात आणली आणि जून २०२२ मध्ये बंदी उठली. मास्टरकार्ड देश सोडून गेली का? नाही. नियम जाचक होता. पण एका पानाचा होता, त्यात तारीख होती, आणि तो सगळ्यांना सारखा होता. परदेशी भांडवल पळून जाईल ही भीती आपल्याकडे फार सहज घातली जाते. इतक्या मोठ्या बाजारातून शहाणी कंपनी सहजासहजी उठत नाही.

वैयक्तिक माहितीच्या कायद्याचंही तसंच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग मसुदे आले, गेले, एक विधेयक सरकारनं मागेही घेतलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला. नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला, हरकती मागवल्या, मुदत वाढवली, अंतिम नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिने दिले, म्हणजे मे २०२७. हा कायदा परदेशी कंपनीलाही लागतो. भारतातल्या लोकांना माल किंवा सेवा देताना त्यांची माहिती बाहेरच्या देशात हाताळली, तरी सुटका नाही. दंड २५० कोटींपर्यंत. माहिती परदेशी न्यायला मुभा आहे, मात्र सरकार कोणत्याही देशाचं नाव काढून तिकडे बंदी घालू शकतं. मोठ्या कंपन्यांना आपलं अल्गोरिदम लोकांच्या हक्कांना धोका देत नाही ना, हे तपासावं लागेल. आणि एक चतुर कलम आहे. परदेशी ग्राहकानं करारानं पाठवलेली परदेशी माणसांची माहिती भारतात हाताळली जात असेल, तर कायद्याचा बराचसा भाग लागत नाही. हिंजवडीचं पोट त्याच कामावर भरतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

मग तेच माहिती-तंत्रज्ञान मंत्रालय, जे एका हातानं १८ महिने देतं, दुसऱ्या हातानं काय करतं? एआयनं बनवलेल्या खोट्या चित्रफिती आणि आवाज यांच्यासाठी आयटी नियमांत दुरुस्ती झाली. मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये आला होता, हरकतीही मागवल्या होत्या, चित्राचा दहावा हिस्सा लेबलानं झाकायची विचित्र अट अंतिम नियमांत गळली, हे चांगलंच. पण अंतिम नियम निघाले १० फेब्रुवारी २०२६ ला आणि लागू झाले २० फेब्रुवारीला. दहा दिवस! सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश आल्यावर मजकूर उतरवायची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली. ही तरतूद मसुद्यात नव्हती. खोट्या चित्रफितींचा उपद्रव किती आहे ते गावोगावच्या बायका-मुलींना विचारा. लेबल हवंच, आणि लवकर हवं. पण तीन तासांत मराठी समजणारा, कायदा समजणारा माणूस रात्री दोन वाजता टेबलाशी बसवणं मेटाला जमेल, गूगलला जमेल. युरोपातल्या टॅलिन शहरातल्या चाळीस माणसांच्या कंपनीला जमणार नाही. ती भारतात येणारच नाही, किंवा आदेश दिसताच न वाचता सगळं उतरवेल. घाईच्या नियमाचा परिणाम असा उलटा होतो. बड्यांना आवर घालायला म्हणून तो येतो आणि बड्यांचीच सोय करून जातो. दिल्लीत ज्यांची कचेरी आहे, मंत्रालयात ज्यांच्या माणसाला ओळखतात, त्यांना अनिश्चितता परवडते. उरलेले रिंगणातून बाहेर.

न्यायालयांचं थोडक्यात सांगतो. एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. आमच्या बातम्या विनापरवाना वापरून तुमचं मॉडेल शिकवलं, ही तक्रार. ओपनएआयच्या बचावातला एक मुद्दा असा होता, की आमचे सर्व्हर भारतात नाहीत, तेव्हा या न्यायालयाचा संबंध येत नाही. ग्राहक इथले, वर्गणी इथली, आणि न्यायालय मात्र तिथलं! मधल्या काळात, डिसेंबर २०२५ मध्ये, उद्योग खात्याच्या समितीनं सुचवलं, की एआय कंपन्यांना सरसकट परवाना द्यावा आणि त्यांच्याकडून लेखक-प्रकाशकांसाठी मोबदला घ्यावा. मराठी प्रकाशक आणि मासिकवाल्यांनी यावर लक्ष ठेवायला हवं. तो पैसा वाटायची वेळ आली की इंग्रजी-हिंदीवाले पुढे असतील.

आता दिल्लीचा पाहुणचार बघा. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, की भारतातल्या डेटा सेंटरमधून जगाला क्लाउड सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीला २०४७ पर्यंत करात सवलत. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २०२५ मध्ये भारतात साडेसतरा अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. ॲमेझॉननं त्याआधी जानेवारीत महाराष्ट्रासाठी ८.३ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला होता. राज्यही मागे नाही. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या उसाच्या प्रयोगात मायक्रोसॉफ्टचं तंत्र आहे. पोलिसांसाठी नागपुरात सुरू झालेल्या ‘मार्व्हल’च्या तपासयंत्रणेतही तेच, आणि ती राज्यातल्या १,१०० ठाण्यांत न्यायचं ठरलं आहे. करसवलतीला एकवीस वर्षांची हमी आणि नियमांना दहा दिवसांची सूचना, ही विषम जोडी मला खटकते. वीज, पाणी आणि जमीन लागणारा पाहुणा आपण हमी देऊन बोलावतोय. पण तो तुमच्या-आमच्याशी कसा वागेल, हे लिहून घेताना आपला हात आखडतो.

आणि फर्मान काढण्याची हौस दिल्लीलाच आहे असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मावळत्या सरकारनं जाता-जाता नियम काढला, की एआयला लागणाऱ्या प्रगत चिप कोणत्या देशाला किती द्यायच्या त्याची उतरंड लावू. भारत दुसऱ्या पायरीवर पडला, मर्यादेसह. आपलं इंडियाएआय मिशन दहा हजार कोटींहून अधिक रकमेचं, मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं. त्याचा सगळा डोलारा याच चिपवर. नियम पुरता लागू होण्याआधीच, मे २०२५ मध्ये, नव्या अध्यक्षांच्या सरकारनं तो मागे घेतला. त्या चार महिन्यांत भारतीय खरेदीदाराची अवस्था डिसेंबर २०२३ मधल्या लासलगावच्या कांदा-व्यापाऱ्यासारखी होती.

आता ज्या प्रसंगाकडे मला मुद्दाम यायचं होतं, तो नाशिक जिल्ह्याचा. एआयशी त्याचा संबंध नाही, तरी परदेशी नियम म्हणजे काय याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. २०१० चा द्राक्षहंगाम. कंटेनर युरोपात पोचले आणि तपासणीत सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, अंश सापडला. वेलीची फाजील वाढ रोखायला बागायतदार ते सर्रास वापरत. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलीग्रॅम. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत सीसीसी नव्हतंच. माल आपल्या प्रयोगशाळेत पास आणि युरोपच्या बंदरात नापास. कित्येक बागायतदार त्या वर्षी कर्जात गेले. जे इथे बसलेत त्यांना आठवत असेल.

पुढे काय झालं? सीसीसी यादीत आलं. यादी दर वर्षी वाढू लागली. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीवर प्लॉटची नोंद, नमुना, प्रयोगशाळेचा दाखला, सगळं एका साखळीत आधीच येत होतं, ते आता जास्त घट्ट झालं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र संदर्भ-प्रयोगशाळा म्हणून पाठीशी होतं. बागायतदारानं औषधाच्या नोंदी वहीत ठेवायला सुरुवात केली. द्राक्ष आजही युरोपला जातंय. युरोपचा नियम निर्दय होता, पण लिहिलेला होता. चूक कुठं झाली ते बोट ठेवून सांगता आलं आणि पुढच्या हंगामात सुधारता आलं. कांद्याची अधिसूचना कोणत्या रात्री निघणार, हे सांगणारी प्रयोगशाळा कुठं आहे?

युरोपचा एआय कायदा द्राक्षाच्या त्या नियमाच्याच साच्यातला आहे. १ ऑगस्ट २०२४ ला तो अमलात आला आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. काही वापर सरळ बंद. तिथे नियम मोडला तर साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यांतलं जे जास्त ते. नोकरभरती, कर्ज, शिक्षण यांतले वापर उच्च जोखमीचे. कंपनी युरोपात नसली तरी तिच्या यंत्रणेचं उत्तर युरोपात वापरलं गेलं, की कायदा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या एका छोट्या कंपनीला, नाव सांगत नाही, तिच्या जर्मन ग्राहकानं एक लांबलचक एक्सेल पाठवली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय कुठं आहे, कोणत्या माहितीवर शिकवलाय, माणसाची देखरेख कोणत्या टप्प्यावर आहे, नोंदी किती महिने ठेवता. मालक वैतागला, आठवडाभर चिडचिड केली, मग मुलं बसवून ती भरली. भरताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्या सॉफ्टवेअरमधला उमेदवार निवडण्याचा भाग एका परदेशी मॉडेलवर चालतो आणि ते मॉडेल मध्येच बदललं तरी आपल्याला कळत नाही. ग्राहकाच्या एक्सेलमुळे त्याला आपलीच वस्तू कळली. युरोपचंही सगळं आलबेल आहे असं नका समजू. उच्च जोखमीच्या तरतुदींची मूळ तारीख २ ऑगस्ट २०२६ होती, आणि ती पुढे ढकलायचा प्रस्ताव युरोपीय आयोगानं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतःच मांडला. पण ढकलायचं झालं तरी ते प्रस्ताव, संसद, मतदान, या वाटेनं. रात्रीत नाही.

आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत एक शिफारस मला महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर फार कमी बोललं गेलंय. जबाबदारी श्रेणीनं लावावी, म्हणजे मॉडेल बनवणारा, ते आपल्या ॲपमध्ये बसवणारा आणि वापरणारा यांनी कोणी काय केलं, धोका किती होता, काळजी किती घेतली, यावर. हे उत्तम आहे, आणि परदेशी कंपनीलाही हेच हवं असतं. आपली जबाबदारी कुठं संपते हे कळलं की विमा काढता येतो, किंमत लावता येते. प्रश्न आहे तो ‘आहेत ते कायदे पुरेसे’ या वाक्याचा. ते तपासून बघू.

वडनेरभैरवच्या एखाद्या बागायतदारानं वेलीवर डाऊनी रोग दिसल्यावर फोनवरच्या परदेशी एआयला मराठीत विचारलं, कोणतं औषध किती मारू. त्यानं ठामपणे चुकीचं प्रमाण सांगितलं, किंवा काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते चुकवलं. माल नापास झाला. दाद कुठं मागायची? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चांगला आहे. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात, कॅलिफोर्नियाला जावं लागत नाही. स्वतःच्या चरितार्थासाठी बाग करणारा ‘व्यापारी’ म्हणून बाहेर पडत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २ च्या ४२ व्या पोटकलमात ‘सेवा’ कशाला म्हणायचं ते दिलंय, आणि मोफत दिलेली सेवा त्यातून वगळली आहे. त्यानं वापरलेलं ॲप मोफत होतं. पैशाऐवजी त्यानं आपली माहिती दिली, तोच मोबदला, असा युक्तिवाद करता येईल. मी करीनही. पण तो टिकेलच याची खात्री मी अशिलाला देणार नाही. वैयक्तिक माहितीचा कायदा इथे कामाचा नाही, कारण त्याची वैयक्तिक माहिती चोरीला गेली नाही, त्याला चुकीचा सल्ला मिळाला. आयटी कायद्यातली जबाबदारीची कलमं मध्यस्थांसाठी लिहिली आहेत. लोकांचा मजकूर पोचवणाऱ्याचे नियम स्वतः उत्तर रचणाऱ्या यंत्राला नेमके कसे लावायचे, यावर न्यायालयांचं अजून एकमत व्हायचंय. सात सूत्रं आहेत, पण सूत्रांवर दावा दाखल होत नाही.

संसद यात दुरुस्ती करील तेव्हा करील. पण राज्याच्या हातात एक गोष्ट आजही आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये शेतीसाठीचं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, २०२९ पर्यंतचं, त्यात पाचशे कोटींची तरतूद आहे. सरकारचं महाविस्तार ॲप शेतकऱ्याला मराठीत उत्तरं देतंच आहे, तेही मोफत. या कामांच्या निविदा निघतील, करार होतील, त्यांत परदेशी मॉडेलं येणारच, यावीतही. परदेशी कंपन्या दिल्लीच्या मार्गदर्शक तत्त्वांपेक्षा निविदेच्या अटी जास्त बारकाईनं वाचतात, कारण पैसे तिथून मिळतात. त्या अटींत लिहिता येईल: मॉडेल बदलण्याआधी इतक्या दिवसांची लेखी सूचना. मराठी उत्तरांची चाचणी मराठी शेतीतज्ज्ञांकडून, आणि तिचा निकाल जाहीर. दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची नोंद ठरावीक वर्षं जपायची आणि शेतकऱ्यानं मागितली तर द्यायची. औषधाच्या प्रमाणाबाबत चूक झाली तर भरपाईची कमाल रक्कम आकड्यात. वाद झाला तर न्यायक्षेत्र महाराष्ट्रातलं. यासाठी संसद लागत नाही, मुंबईत मंत्रालयातला एक मसुदा लागतो. मसुदा निघण्याआधी तो लोकांपुढे ठेवावा, हे केंद्रानं २०१४ मध्ये स्वतःच्या कायद्यांसाठी ठरवलं होतं, तीस दिवसांची मुदत देऊन. तोच पायंडा राज्यानं या निविदांना लावावा, असं पत्र तुमच्या बाजार समितीनं, द्राक्ष बागायतदारांनी आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं एकत्र पाठवलं, तर मसुदा करून द्यायला मी तयार आहे, फी न घेता. मोफत सेवेला कायद्याचं संरक्षण नसतं हे मात्र मी मघाशीच सांगून ठेवलंय.

संयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवायला सांगितलं होतं. विचारा.